भाव कुठे ठरतो, झळ कुठे बसते

दसरा-दिवाळीच्या सुमारास उज्जैनच्या चिमनगंज मंडीत सोयाबीनच्या ट्रॉल्यांची रांग लागते. व्यापारी ढिगात हात घालतो, मूठभर दाणे तळहातावर पसरतो, एखादा दाताखाली धरून ओल किती आहे ते पाहतो आणि बोली सुरू होते. चार महिन्यांच्या राबणुकीचा भाव काही मिनिटांत निघतो. पण त्या बोलीचा मोठा हिस्सा आदल्या रात्रीच ठरून गेलेला असतो. शिकागोच्या वायदेबाजारात सोयाबीन कितीवर बंद झाले, क्वालालंपूरला पामतेल चढले की उतरले, डॉलर किती रुपयांना पडला, दिल्लीने आयातशुल्काला हात लावला का, ब्राझीलच्या पेरणीला पाऊस मिळाला का, हे सगळे त्या बोलीत मिसळलेले असते. बोली लावणाऱ्याच्या मोबाइलवर ही माहिती असते. आता ती माल विकणाऱ्याच्या मोबाइलवरही असते. तरी दोघांची बाजू सारखी होत नाही. व्यापारी आजचा सौदा उद्यावर टाकू शकतो. ट्रॉलीवाल्याला गव्हाच्या पेरणीसाठी पैसे आजच हवे असतात.

जागतिक उद्योगांचे व्यवस्थापन आणि त्यांची व्यूहरचना या विषयावरच्या पुस्तकाची प्रस्तावना मंडीपासून का सुरू करावी, असे वाचकाला वाटेल. या विषयाची बहुतेक पुस्तके मुख्यालयातून लिहिलेली असतात. कंपनीने कोणत्या देशात शिरावे, कोणता कारखाना विकत घ्यावा, कोणता बंद करावा, असे प्रश्न त्यांत असतात आणि उत्तरे उंचावरून दिलेली असतात. आमची, म्हणजे माळव्यातल्या, घरात मराठी आणि बाजारात माळवी बोलणाऱ्या माणसांची जागा या साखळीच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्या टोकाकडून पाहिले की विषयाचा गाभा वेगळाच दिसतो. निर्णय कोण घेतो आणि तो चुकला तर झळ कोणाला लागते, हा व्यूहरचनेचा पहिला प्रश्न आहे, असे मी मानतो.

आणि हे शहर या प्रश्नाला नवखे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रव्यापाराच्या वाटाड्यात उज्जैनचा ‘ओझेने’ असा उल्लेख आहे. इथून गोमेदासारखे दगड, मलमल आणि भरपूर जाडेभरडे कापड भडोचला, त्या ग्रंथातल्या ‘बॅरिगाझा’ला, जात असे आणि तिथून पश्चिमेच्या जहाजांवर चढत असे. रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक चलनात बदलली की नफा होतो, अशी नोंदही त्या लेखकाने करून ठेवली आहे. भडोचच्या खाडीत भरती-ओहोटी इतकी धोक्याची होती की राजाच्या चाकरीतले कोळी आपल्या होड्या घेऊन पुढे जात आणि परदेशी जहाजांना वाट दाखवत आत आणत. विनिमयाचा दर, बंदराची जोखीम, राज्यसत्तेचे साहाय्य: आजच्या अभ्यासक्रमातली तीन प्रकरणे त्या जुन्या पानांत सापडतात.

माळव्याच्या अफूची गोष्ट त्याहून शिकवणारी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगालमधल्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. शिंदे-होळकरांच्या मुलखातली अफू मात्र तिच्या हातात नव्हती. उज्जैन आणि इंदूरचे सावकार-सराफ ती चीनकडे पाठवत. कंपनीने मुंबईची वाट अडवली, संस्थानांशी करार केले, स्वतः बाजारात उतरून माल खरेदी केला. व्यापाऱ्यांनी वाट बदलली. माल राजपुतान्यातून पालीला, तिथून वाळवंट ओलांडून कराचीला, कराचीहून समुद्रमार्गे पोर्तुगिजांच्या दमणला आणि दमणहून चीनला जाऊ लागला. वाट लांबची आणि खर्चाची होती, पण ती कंपनीच्या ताब्यात नव्हती. अखेर 1830 च्या सुमारास कंपनीने हार मानली आणि पेटीमागे परवाना-शुल्क घेऊन मुंबईची वाट खुली केली. मग 1843 मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, कराचीची वाट बंद झाली आणि शुल्क चढत गेले. पर्यायी वाट असेपर्यंतच घासाघीस करता येते, हा धडा हुंडी-पेढीच्या माणसांना कोणत्याही पुस्तकाशिवाय कळला होता. मात्र माल काय होता हे विसरून या हुशारीचे कौतुक करता येणार नाही. त्या पेट्यांनी चीनमध्ये किती घरे उद्ध्वस्त केली, याचा हिशेब उज्जैनच्या कोणत्याही वहीत लिहिला गेला नाही. दूरच्या टोकाचे नुकसान हिशेबात न धरण्याची सवय तेव्हापासूनची आहे.

तिसरी कथा ग्वाल्हेर संस्थानाची. उज्जैन त्याच संस्थानात होते. तिथले महाराज माधवराव शिंदे यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात कॅनडातल्या कंपनीचे एक जुने प्रवासी जहाज घेतले, त्याचे नाव ‘लॉयल्टी’ ठेवले आणि हिंदी सैनिकांसाठी त्याचे रुग्णालय केले. युद्ध संपल्यावर ते जहाज सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकत घेतले आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. 5 एप्रिल 1919 रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. आपण तो दिवस आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. पुढची लढाई दरांची होती. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश कंपन्यांनी भाडी इतकी खाली आणली की नवख्याचा टिकाव लागू नये. कंपनी विकत घेण्याचा त्यांचा प्रस्तावही आला. वालचंदांनी तो नाकारला, पण 1923 च्या दहा वर्षांच्या करारात सिंदियाला परदेशी वाहतूक सोडून किनारी मालवाहतुकीवर समाधान मानावे लागले. व्यवस्थापनाच्या वर्गात आपण ‘प्रवेशातील अडथळे’ असा शब्द शिकवतो. तो शिकवताना दूरच्या अमेरिकन कारखान्यांऐवजी या जहाजाचे उदाहरण का देत नाही, हे मला अजून उमगलेले नाही. वालचंदांची ती तडजोड हार नव्हती, असे माझे मत आहे. तगून राहणे हाही एक डाव असतो, आणि स्वातंत्र्यानंतर भारतीय जहाजवाहतुकीला उभे राहायला जो पाया मिळाला तो तगून राहण्यातूनच मिळाला.

आता या शास्त्राकडे वळू. नव्या वाचकाला त्याचा नकाशा हवा.

फ्रेडरिक टेलर यांचे 1911 चे पुस्तक आणि फ्रान्समधले खाण-अभियंते हेन्री फेयॉल यांचे 1916 चे लिखाण, इथून व्यवस्थापनशास्त्राची सुरुवात मानतात. एकाने कामगाराच्या हातांची हालचाल मोजली, दुसऱ्याने व्यवस्थापकाच्या कामाची विभागणी केली. पीटर ड्रकर यांनी 1954 मध्ये व्यवस्थापन ही स्वतंत्र विद्या आहे असे ठासून मांडले. व्यूहरचना हा लष्करी शब्द कंपन्यांच्या कारभारात रुजला तो साठच्या दशकात. आल्फ्रेड चँडलर यांनी 1962 मध्ये ड्यू पाँ, जनरल मोटर्स, स्टँडर्ड ऑइल आणि सिअर्स या कंपन्यांच्या इतिहासातून दाखवले की कंपनीचा आराखडा तिच्या धोरणामागून येतो. इगोर अँसॉफ यांनी 1965 मध्ये त्या धोरणाला तक्ते आणि पायऱ्या दिल्या. मायकेल पोर्टर 1980 मध्ये आले आणि त्यांनी नजर कंपनीबाहेर, उद्योगाच्या रचनेकडे वळवली: पुरवठादार, ग्राहक, नवे स्पर्धक, पर्यायी माल आणि आपसातली चढाओढ. प्रल्हाद आणि हॅमेल यांनी 1990 मध्ये ती पुन्हा आत वळवली. कंपनीला सर्वांत चांगले काय येते ते ओळखा, असे ते सांगत होते. हेन्री मिंट्झबर्ग यांनी 1994 मध्ये नियोजनाच्या अवास्तव दाव्यांवर हल्ला चढवला. खऱ्या योजना कागदावर आधी जन्मत नाहीत, काम करता करता आकार घेतात, असे त्यांचे म्हणणे. पुढे 1998 मध्ये दोन सहलेखकांबरोबर त्यांनी व्यूहरचनेच्या दहा परंपरा मोजून दाखवल्या. दहाही पाठ करण्याची गरज नाही. ठरवून केलेले आणि घडत गेलेले, या दोन टोकांमध्ये त्या पसरल्या आहेत एवढे ध्यानात ठेवले तरी वाट सापडते.

जागतिक उद्योगांचा प्रश्न या परंपरांमध्ये थोडा उशिरा आला. थिओडोर लेव्हिट यांनी 1983 मध्ये जाहीर केले की जगाच्या बाजारपेठा एक होत चालल्या आहेत, तेव्हा एकच माल सगळीकडे विका. बार्टलेट आणि सुमंत्र घोषाल यांनी 1989 मध्ये दाखवले की मोठ्या कंपन्यांची खरी ओढाताण वेगळी असते: एकसारखेपणाने खर्च वाचतो, पण प्रत्येक देशाशी जुळवून घेतल्याशिवाय माल खपत नाही. पंकज घेमावत यांनी 2001 मध्ये अंतर संपलेले नाही असे स्पष्ट सांगितले. त्यांनी अंतराचे चार प्रकार केले: संस्कृतीचे, राज्यकारभाराचे, भूगोलाचे आणि आर्थिक स्थितीचे. लेव्हिट यांचे भाकीत आकर्षक होते. घेमावत यांचे निरीक्षण काळाच्या कसोटीवर अधिक टिकले. घोषाल 2004 मध्ये वारले. त्यांच्या निधनानंतर छापून आलेल्या लेखात त्यांनी स्वतःच्याच विद्याशाखेला खडसावले. माणूस फक्त स्वार्थी असतो असे गृहीत धरून शिकवलेल्या सिद्धान्तांनी चांगल्या व्यवस्थापनाचा ऱ्हास केला, असा त्यांचा आरोप होता. या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो लेख आधी वाचावा.

हे सारे सिद्धान्त आमच्या मातीत उतरले तेव्हा काय झाले, याचे सर्वांत चांगले उदाहरण सोयाबीनचे आहे. माळव्याच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पूर्वी पुष्कळ रान पडीक असे. सत्तरच्या दशकापासून तिथे सोयाबीन आले. तेल देशात राहिले, पेंड कोंबड्या-जनावरांच्या खाद्यासाठी परदेशी जाऊ लागली आणि आमचा शेतकरी नकळत जागतिक साखळीत गुंफला गेला. जून 2000 मध्ये आयटीसी कंपनीने मध्य प्रदेशच्या सोयाबीन पट्ट्यात ई-चौपाल सुरू केली. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक, उपग्रहाची तबकडी आणि विजेच्या खेळखंडोब्यावर उपाय म्हणून सौरपट्ट्या बसवल्या. त्या शेतकऱ्याला ‘संचालक’ म्हटले. तो आदल्या दिवसाचा मंडीचा भाव, हवामान आणि शिकागोचे आकडे गावाला सांगे. माल थेट कंपनीच्या केंद्रावर गेला तर तो इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलला जाई आणि पैसे तिथेच मिळत. कंपनीने जुन्या आडतियाला बाहेर फेकले नाही. त्याला ‘संयोजक’ हे नाव देऊन साखळीत सामावून घेतले. या व्यवस्थेतला हा सर्वांत शहाणा निर्णय होता.

प्रल्हाद यांच्या 2004 च्या पुस्तकात ई-चौपालला मोठे स्थान मिळाले आणि ती जगभरच्या वर्गांत शिकवली जाऊ लागली. तिचा परिणाम मोजलाही गेला आहे. अपराजिता गोयल यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की ही केंद्रे जिथे आली त्या जिल्ह्यांच्या मंड्यांमध्ये सोयाबीनचा भाव सरासरी एक ते तीन टक्क्यांनी वाढला. म्हणजे जे कंपनीकडे गेले नाहीत त्यांनाही फायदा झाला, कारण मंडीतल्या खरेदीदाराला आता प्रतिस्पर्धी होता. एक ते तीन टक्के ऐकायला थोडे वाटतात. ज्याचा नफाच बेताचा आहे त्याच्या घरी ते मुलाच्या शाळेच्या फीएवढे असतात. दुसऱ्या बाजूला, मंडीतला माल कमी झाला की हम्मालाच्या पाठीवरची पोतीही कमी होतात. ती बाजू वर्गात सहसा शिकवली जात नाही.

आणि तरीही, भाव पडण्याची जोखीम ई-चौपालने शेतकऱ्याच्या खांद्यावरून उचलली नाही. माहिती दिली, वजन खरे केले, एवढ्यावर ती थांबली. 2021 मध्ये हे लख्ख दिसले. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले होते. कोंबडीपालन उद्योगाने खाद्य परवडत नाही अशी ओरड केली आणि ऑगस्टमध्ये केंद्राने जनुकबदल केलेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आणायला परवानगी दिली. नवा माल मंडीत येईपर्यंत भाव बराच खाली आला होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे स्थगित झाले, म्हणजे पुढचा भाव आज बांधून घेण्याचे साधनही गेले. 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 रुपये असताना मंड्यांमध्ये माल त्याखाली विकला गेला. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावर 20 टक्के मूळ शुल्क लागले आणि मे 2025 मध्ये ते 10 टक्के झाले. कोंबडीवाल्याचीही अडचण खरी होती, स्वयंपाकघराचीही. पण दर वेळी तडजोडीचा भार एकाच टोकाला सरकत गेला.

मिलच्या भोंग्यांचे उज्जैन ज्यांनी पाहिले त्यांना हे नवे नाही. नजरअली, विनोद, हीरा ही नावे एके काळी शहराचे घड्याळ होती. 1982 च्या संपानंतर गिरणगावाचे काय झाले ते मुंबईकरांना ठाऊक आहे. इथे पडझड सावकाश आणि निःशब्द झाली. विनोद मिल नव्वदच्या दशकात बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शेजारच्या इंदूरची हुकुमचंद मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद झाली. तिच्या सुमारे 4,800 कामगारांच्या देण्याचे 224 कोटी रुपये मार्गी लागले ते डिसेंबर 2023 मध्ये, बत्तीस वर्षांनी. कारखाना उभारण्याची योजना आखतात, तशी तो बंद करण्याचीही आखली पाहिजे. व्यूहरचनेच्या ग्रंथांत ‘बाहेर पडणे’ या विषयाला फार थोडी पाने मिळतात.

आज हा विषय अधिक निकडीचा झाला आहे. 2020 ची महामारी, मार्च 2021 मध्ये सुएझ कालव्यात आडवे अडकलेले ‘एव्हर गिव्हन’ जहाज, 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातले हल्ले, ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्क्यांपर्यंत नेलेले शुल्क: स्वस्तात स्वस्त जिथून मिळेल तिथून घ्या हा तीस वर्षांचा मंत्र या घटनांनी मोडीत काढला. साठा न ठेवता नेमक्या वेळी माल मागवण्याची टोयोटाची पद्धत जगाने उचलली, पण त्यामागचा पुरवठादारांशी असलेला दीर्घ विश्वास उचलला नाही. युरोपच्या 2023 च्या जंगलतोडविरोधी कायद्याच्या यादीत सोयाबीन आहे. त्याची अंमलबजावणी लांबली असली तरी माल कोणत्या शेतातला, हे सांगण्याची वेळ येणार आहे.

आणि उज्जैन पुन्हा साखळीत ओढले जात आहे. देवास रस्त्यावर नरवरजवळ सुमारे 1,100 एकरांत विक्रम उद्योगपुरी उभी राहिली आहे. पेप्सिको कंपनीने तिथे 1,266 कोटी रुपयांच्या फ्लेवर कारखान्याची घोषणा 2024 मध्ये केली. याच कंपनीने 2019 मध्ये गुजरातच्या बटाटा-शेतकऱ्यांवर वाणाच्या हक्कावरून दावे लावले आणि देशभर टीका झाल्यावर मागे घेतले. कारखाना येऊ नये असे मी मुळीच म्हणत नाही; आमच्या मुलांना कामे हवी आहेत. करार कोणत्या भाषेत लिहिले जातील, वाद झाला तर कोणत्या शहरात सुनावणी होईल, मागणी घटली तर पहिल्यांदा कोणाला घरी बसावे लागेल, हे आजच विचारले पाहिजे एवढाच माझा आग्रह आहे.

हे पुस्तक तेच करू पाहते. मराठीत उद्योगावर लिहिण्याची परंपरा जुनी आहे. ‘किर्लोस्कर खबर’ 1920 मध्ये कारखान्याच्या आवारातून निघाले आणि घराघरांत गेले. पण पुढे व्यवस्थापन म्हणजे इंग्रजीतून शिकायचा विषय अशी समजूत झाली आणि मराठीत उरली ती यशोगाथांची पुस्तके. इथल्या लेखांमध्ये यश आहे, अपयशही आहे, आणि दोन्हींची कारणे उलगडून पाहिली आहेत. परकी संकल्पना घेताना प्रत्येक वेळी हा विचार कोणत्या परिस्थितीत जन्मला आणि आपल्याकडे लागू पडतो का, हे तपासले आहे. शब्द बाजारातले वापरले आहेत: पेढी, आडत, सौदा, जोखीम, भांडवल. बँकिंग आणि संगणक-सेवांचा विस्तृत विचार इथे नाही. तो स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दलही लेखकांनी मोजकेच लिहिले आहे आणि ते योग्यच आहे.

विद्यार्थ्यांना, लघुउद्योजकांना आणि शेतकरी-उत्पादक कंपन्या चालवणाऱ्या माझ्या तरुण मित्रांना एक विनंती. पुस्तक सुरू करण्याआधी एका सकाळी आपल्या गावच्या बाजार समितीत जा. बोली संपेपर्यंत थांबा. ट्रॉलीवाल्याला विचारा, आडतियाला विचारा, पोती उचलणाऱ्या हम्मालालाही विचारा की भाव पडला तर तुमचे काय होते. तिघांची उत्तरे पहिल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा आणि मग पहिले प्रकरण उघडा.